परत न येणाऱ्या गिऱ्हाइकाचे कपडे

व्हिएतनाममधल्या होइ आनमध्ये शिवून घेतलेली पहिली पँट मी वसतिगृहाच्या खोलीत उलटी करून पाहिली, तेव्हा शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड सोडलेले आढळले. बाहेरून ती पँट निर्दोष दिसत होती; टीप सरळ होती, इस्त्री कडक होती आणि खिसे कोणत्याही शिंप्याला हेवा वाटावा इतके सफाईदार होते. अडचण एवढीच होती की खाली बसले की ती मांडीला आवळत होती, आणि सैल करायला आत कापडच नव्हते. सांगलीत तीस वर्षे घरच्या घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवलेल्या आईला मी ती व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने दर्शनी बाजूकडे लक्षही दिले नाही. "आधी उलटी कर," ती म्हणाली, आणि आतली शिवण दिसताच तिने निकाल दिला, "हे परत न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी शिवलंय गं."

पाठीवर सात किलोची सॅक घेऊन मी तीन आठवडे व्हिएतनाममध्ये फिरत होते. हनोईहून ह्वे आणि ह्वेहून दा नांग असा प्रवास आगगाडीने केला होता. या दुसऱ्या टप्प्यात गाडी हाइ वान घाटाच्या कडेने, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र अशा वाटेने जाते. होइ आनला मात्र ना रेल्वे स्थानक आहे ना विमानतळ, त्यामुळे दा नांगहून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. थु बोन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जी शेवटची वळणे घेते तिथे हे गाव वसले आहे. जुनी वस्ती नदीकाठी आहे आणि तिथून भाताच्या खाचरांमधल्या रस्त्याने सायकल दामटली की अर्ध्या तासाच्या आत समुद्र येतो. दोन रात्री राहून पुढे जायचे असा माझा बेत होता. प्रत्यक्षात मी सहा रात्री राहिले, आणि त्याचे कारण नदी किंवा समुद्र नव्हे, तर एक जाकीट होते.

या गावात शिंपीकामाची दुकाने किती आहेत हे पहिल्या संध्याकाळीच लक्षात येते. जुन्या वस्तीत आणि तिच्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर दर चार पावलांवर काचेमागे सूट घातलेले पुतळे उभे असतात, आणि पाटीवर 'मय डॉ' असे दोन शब्द दिसतात. पहिल्याचा अर्थ शिवणे आणि दुसऱ्याचा अर्थ मापणे, म्हणजे मापाने शिवून देणारे. बहुतेक दुकाने चोवीस तासांत कपडे देण्याची हमी देतात. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या माणसाला ही हमी फार मोलाची वाटते, कारण त्याच्याकडे पैसे कमी असतात, आणि दिवस तर त्याहूनही कमी.

ही सगळी विद्या शतकांपासून अशीच चालत आलेली आहे, अशी समजूत दुकानदार मोठ्या आनंदाने करून देतात. ती अर्धीच खरी आहे. फायफो या नावाने युरोपीय लोक ओळखत असलेले हे बंदर सोळाव्या-सतराव्या शतकांत भरभराटीला आले होते आणि इथून निघणाऱ्या मालात रेशीम हा मोठा जिन्नस होता; नदीच्या वरच्या अंगाला आजच्या झुय स्वेन भागात तुतीची लागवड आणि मागावरचे विणकाम चाले. जपानी आणि चिनी व्यापारी इथे वस्ती करून राहत. जपान्यांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला छपराचा लाकडी पूल आजही उभा आहे आणि वीस हजार डोंगांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. पुढे जपानने स्वतःची दारे लावून घेतली, नदी गाळाने उथळ होत गेली, मोठी जहाजे दा नांगला लागू लागली आणि होइ आन मागे पडले. मागे पडले म्हणूनच पाडले गेले नाही, आणि म्हणूनच १९९९ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत जाऊ शकले. परंतु एका रात्रीत सूट शिवून देण्याचा आजचा धंदा हा त्या बंदराचा वारस नाही. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर देश परकी पर्यटकांना खुला झाला, नव्वदच्या दशकात सॅक घेतलेली मंडळी इथे येऊ लागली आणि त्यांच्या पाठोपाठ हा धंदा वाढला. म्हणजे माझ्यासारख्यांनीच तो उभा केला, आणि त्यात जे काही उणे आहे त्यालाही माझ्यासारख्यांची घाई कारणीभूत आहे.

पहिल्या दुकानात मला वसतिगृहातूनच पाठवण्यात आले होते. या शिफारशीत दलाली असते हे नंतर कळले, तरी त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पंढरपूरपासून पॅरिसपर्यंत सगळीकडे हेच चालते. दुकान मोठे होते, आत गारवा होता, आणि हातात थंड पाण्याची बाटली येण्याआधीच टेप कमरेभोवती आलेली होती. सॅक खांद्यावरून उतरवून मला पाच मिनिटेही झाली नसतील. एका मुलीने आकडे सांगितले, दुसरीने टॅबवर भरले, आणि लिननचा एक सदरा व एक पँट यांचे पैसे ठरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही कपडे तयार होते. तिथल्या मुलींनी पँट पुन्हा शिवून देण्याची तयारी दाखवली होती, हेही सांगायला हवे. मीच "ठीक आहे, चालेल" म्हणून निघाले, कारण बसून पाहण्याचे मला तिथे सुचलेच नाही. उभ्याने कपडा तपासून घरी यावे आणि बसल्यावर पस्तावावे, ही चूक शिवणाऱ्या बाईच्या मुलीने करावी याची आईला जास्त चीड आली.

आईच्या हिशेबात मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड, हा शिंप्याच्या सचोटीचा पुरावा आहे. गणवेश शिवताना ती बाजूच्या शिवणीत इंचभर आणि खालच्या दुमडीत तीन इंच कापड ठेवत असे, कारण जूनमध्ये शिवलेला झगा पुढच्या जूनपर्यंत मुलीच्या अंगाला यायला हवा आणि तो उसवून वाढवायला तीच मुलगी आपल्याकडे येणार, हे तिला माहीत असे. आत सोडलेले कापड म्हणजे गिऱ्हाइकाशी केलेला पुढचा वायदा असतो. विमानाने आलेल्या आणि परवा विमानाने जाणाऱ्या माणसाशी असा वायदा कोण करील? बाकीचे कापड कडा कापून शिवणाऱ्या ओव्हरलॉक यंत्राच्या पात्याखाली कापून गेलेले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्य बाजाराजवळच्या कापडबाजारात गेले. एका छपराखाली ओळीने लहान गाळे, प्रत्येकात छतापर्यंत रचलेले तागे, आणि त्या ताग्यांमध्ये जेमतेम एक बाई आणि एक स्टूल मावेल इतकी जागा, असे त्याचे रूप आहे. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या कापडपेठेत वाढलेल्या माणसाला तिथे हायसे वाटेल. मी एका गाळ्यावर थांबले, कारण तिथली साठीची बाई गिऱ्हाइकाला हाका न मारता काज करत बसली होती, हाताने. यंत्राचे काज आणि हाताचे काज यांतला फरक मला लहानपणापासून कळतो. तिला 'को' म्हणायचे असते, हे मला वसतिगृहातल्या मुलीने शिकवले होते. या शब्दाचा मूळ अर्थ आत्या असा आहे, आणि ती मला 'कॉन' म्हणजे लेकरू म्हणू लागली. व्हिएतनामी भाषेत समोरच्याला नुसते 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणून भागत नाही. आधी नाते ठरवावे लागते. घासाघीस करताना मात्र हे नाते कोणाच्याही आड आले नाही.

कापड निवडताना मी आदल्या रात्री केलेली आणखी एक चूक उघडकीला आली. होइ आनच्या घरांच्या भिंती पिवळ्या आहेत, आणि अंधार पडला की बांबूच्या चौकटीवर रेशीम ताणून केलेले आकाशकंदील गल्लीगल्लीत लागतात. त्या उजेडात प्रत्येक रंग उबदार आणि प्रत्येक कापड श्रीमंत दिसते. मी रात्री एका दुकानात डाळिंबी म्हणून मनात धरलेला तागा तसाच या गाळ्यावर मागितला, आणि बाईंनी तो काढून दिल्यावर तो सकाळच्या उन्हात सरळसरळ विटकरी निघाला. त्यांनी न बोलता मला हाताला धरून छपराबाहेर नेले, चार तुकडे मनगटावर टाकले आणि माझ्या तोंडाकडे पाहून तीन काढून घेतले. उरलेला गडद निळा होता. मी स्वतः तो कधीच निवडला नसता.

तो शुद्ध रेशमाचा आहे का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी कडेचे दोन धागे ओढून लायटरवर धरले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहणारी राख बोटात चुरडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. एका धाग्याची राख झाली, दुसऱ्याचा मणी झाला. उभा धागा रेशमाचा आणि आडवा मिश्र, असे त्यांनी बोटांनी दाखवले, आणि किंमत त्याच हिशेबाने सांगितली. आयुष्यात मला इतका प्रामाणिक कापडवाला क्वचितच भेटला आहे, आणि हे मी कोणत्याही भाषेतल्या कापडवाल्यांबद्दल म्हणते.

मग मापे. टेप काढण्याआधी त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि चहा दिला. मला वाटले ही आदरातिथ्याची रीत असेल, परंतु दहा मिनिटांनी त्या उठल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि उजव्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "बॅग." माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. तीन आठवडे सॅक एकाच खांद्यावर अडकवून आगगाडीत चढण्या-उतरण्याचा तो परिणाम होता, आणि सॅक उतरवल्याबरोबर घेतलेल्या मापात तर तो आणखी वाढला असणार. त्यांनी छाती, कंबर, पाठीची रुंदी आणि बाही ही मापे उभ्याने घेतली, मग कंबर आणि पोट पुन्हा बसवून घेतले, शेवटी दोन्ही हात पुढे करायला लावून पाठीचे माप पुन्हा मोजले. सगळे आकडे एका वहीत पेन्सिलीने उतरले. चोवीस तासांत होईल का, असे मी सवयीने विचारले. त्यांनी चार बोटे दाखवली आणि त्या पुन्हा काजाकडे वळल्या.

अशा रीतीने माझा मुक्काम लांबला, आणि उरलेले दिवस जाकिटाच्या वेळापत्रकाने चालू लागले. कापलेले तुकडे गाठोड्यात बांधून एक मुलगा मोटारसायकलवरून कोठेतरी घेऊन जाई. गावातली बरीचशी शिलाई पुतळ्यांच्या दुकानांत होतच नाही, तर आसपासच्या घरांत आणि कारखान्यांत होते, आणि एकच शिवणारी व्यक्ती दोन-तीन दुकानांचे काम करत असते. त्यामुळे 'कोणते दुकान चांगले' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. खरा प्रश्न हा असतो की तुमचा कपडा परत आल्यावर दुकानातले कोणी तो खरोखर पाहते का आणि चुकला असेल तर परत पाठवते का.

पहिली ट्रायल होईपर्यंतच्या दिवसात मी सायकलने समुद्रावर गेले. गावाला दोन किनारे आहेत. नदीच्या मुखाजवळचा कुआ दाइ हा पूर्वी प्रसिद्ध होता. गेल्या दशकात तो इतका झिजला की काही ठिकाणी वाळूच्या जागी पोत्यांचे बांध आहेत आणि नारळाच्या मुळ्या उघड्या पडल्या आहेत. ज्या नदीने गाळ आणून बंदर बुजवले, त्याच नदीची वाळू आता किनाऱ्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही, कारण वरच्या अंगाला धरणे झाली आहेत आणि पात्रातून वाळूउपसाही होतो. उत्तरेचा आन बांग किनारा त्या मानाने शाबूत आहे. तिथे बांबूच्या विणीच्या, बाहेरून डांबरासारखा लेप दिलेल्या गोल टोपलीनावा वाळूत पालथ्या पडलेल्या असतात आणि पहाटे कोळी त्यांतूनच जाळी टाकायला जातात. त्या पालथ्या नावेच्या सावलीत मी दुपारभर झोपले.

पहिल्या ट्रायलला जाकिटाला बाह्या नव्हत्या. पांढऱ्या दोऱ्याचे लांबलांब कच्चे टाके, खडूच्या रेघा आणि टाचण्या, असा तो सांगाडा अंगावर चढवताना मला आईच्या खोलीतला वास आठवला, खडू आणि गरम इस्त्रीचा. बाईंनी मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेजवळची गोलाई, पाऊण इंच वर घेतला. मी हात उचलून दाखवला की आता काखेत अडकेल, तेव्हा त्यांनी मान हलवली. रात्री आईला सांगितले तर ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मुंढा खोल ठेवला की हात वर केला की अख्खं जाकीट वर येतं. वर घेतला की फक्त बाही उचलते." मग तिने विचारले, "आत कॅनव्हास आहे का नुसता चिकटवलाय?" मी विचारायला विसरले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी केवळ तेवढ्यासाठी परत गेले. समोरच्या पल्ल्यात कॅनव्हास, म्हणजे जाकिटाचा आकार धरून ठेवणारे आतले जाड कापड, टाके घालून बसवलेला होता. हे कळल्यावर आईने त्या बाईंचे वय विचारले, आणि त्यांना डोळ्यांचा त्रास आहे का, हेही.

दुसऱ्या ट्रायलच्या आधीचा दिवस मी 'मी सन' या ठिकाणाला दिला. होइ आनहून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांच्या खोऱ्यात, चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांनी शिवाची विटांची मंदिरे बांधली आहेत. इथे संस्कृत शिलालेख आहेत, आणि चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन याने स्थापन केलेल्या देवाचे नाव भद्रेश्वर असे होते. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत यांतले बरेच काही पडले, आणि खड्डे अजून गवताखाली ओळखू येतात. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे काही वर्षे डागडुजीचे काम केले, आणि त्यात २०२० मध्ये एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग मातीतून वर आले. मला मात्र त्या दिवशी मूर्तींच्या कमरेचे वस्त्रच दिसत राहिले. दगडात कोरलेल्या निऱ्या कोठून सुरू होतात, गाठ कोठे आहे, पदर कोणत्या बाजूला सोडला आहे. न शिवलेल्या कापडाची ती सगळी विद्या होती, आणि मी एका बाहीसाठी गाव धरून बसले होते.

शेवटच्या संध्याकाळी पाऊस नव्हता, तरी पाण्याचा विषय निघाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थु बोनला पूर येतो आणि नदीकाठचा रस्ता पाण्याखाली जातो. इथल्या जुन्या घरांत पाणी कोठवर आले त्या खुणा भिंतीवर केलेल्या असतात, त्यांत १९६४ च्या पुराची खूण डोक्याच्याही वर आहे, आणि काही घरांच्या माडीच्या तक्तपोशीत झडप ठेवलेली असते, जिच्यातून माल दोराने वर ओढून घेता येतो. कापडाच्या गाळ्यातून सगळे तागे हलवायला किती वेळ लागतो, असे मी विचारले. "तीन तास," बाई म्हणाल्या, आणि मग सर्वांत खालच्या फळीवरच्या स्वस्त ताग्यांकडे बोट दाखवून हसल्या. महाग माल खाली कधीच ठेवायचा नाही, हे त्यांच्या दुकानाच्या रचनेतच होते.

जाकिटाचे सत्तावीस लाख डोंग झाले. साधारण तीनशे डोंगांना एक रुपया या हिशेबाने नऊ हजार रुपये. माझ्या त्या प्रवासातला तो सर्वांत मोठा खर्च होता, आणि चोवीस तासांच्या दुकानातला पँट-सदऱ्याचा जोड त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत झाला होता, हेही खरे. होइ आनमध्ये काही शिवून घ्यायचे असेल तर किमान चार दिवस हाताशी ठेवावेत, अंगाला नीट बसणारा एखादा जुना कपडा नमुन्याला न्यावा, रंग दिवसा पाहावा, आणि प्रत्येक ट्रायलला बसून, वाकून, हात वर करून बघावे. सॅकवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जाकीट सॅकमध्ये घडी घालून भरले तर खांदे मोडतात, म्हणून मी ते उलटे करून, एक खांदा दुसऱ्यात घालून, ओढणीत गुंडाळून वर ठेवले, आणि परतीच्या विमानात सात किलोंची मर्यादा ओलांडू नये म्हणून ते चपलांवर अंगात घातले.

सांगलीत आईने ते टेबलावर उलटे अंथरले, अस्तराची खालची हातशिलाई वीतभर उसवली आणि बाजूच्या शिवणीत टेप घातली. सव्वा इंच होते. काखेत अर्धा. तिने काही न बोलता अस्तर पुन्हा शिवून टाकले, लिननच्या पँटला बाजूने पट्ट्या जोडायला घेतल्या आणि मला जुने वर्तमानपत्र आणायला सांगितले. मी ते टेबलावर पसरले. तिने त्यावर जाकिटाची पाठ ठेवली, टाचण्यांनी पक्की केली, आणि खडूने मुंढ्याची गोलाई उतरवून घेतली.